एक्झॉस्ट फॅन उलटा बसवला, मग कुठे डास कमी झाले

देवगडजवळ आमचं कौलारू घर आहे, समुद्र चालत पाच मिनिटांवर, आणि उन्हाळ्यात दिवेलागणीला जे काय किडे घरात घुसतात ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. डास आहेतच, वर मुरकुटं, आणि घरात आंब्याची आढी घातलेली म्हणजे चिलटांची तर चंगळच. कॉइलच्या धुराने आईचा खोकला थांबेना म्हणून यंदा म्हटलं वाऱ्याचंच काहीतरी करू. 12 इंची एक्झॉस्ट फॅन आणला, 2,150 रुपयांचा, मागे आपोआप उघडणाऱ्या पट्ट्यावाला, आणि खिडक्यांना जाळ्या मारून घेतल्या. मार्चच्या शेवटी बसवलं, आता जून लागला.

पहिले आठ दिवस नुसता पस्तावलो. झोपायच्या खोलीत फॅन लावला, संध्याकाळी चालू केला आणि किडे कमी व्हायचे सोडून वाढलेच! मग डोक्यात प्रकाश पडला की फॅन जेवढी हवा बाहेर टाकणार तेवढी कुठून तरी आत येणारच ना, आणि आमच्याकडे दाराखाली दोन बोटं फट, वर माळ्याच्या फळ्यांच्या फटी, म्हणजे जाळी सोडून सगळीकडून हवा येतेय आणि तिच्याबरोबर ही मंडळी.

मग ठरवलं फॅन उलटा करायचा, म्हणजे बाहेरची हवा जाळीतून आत ढकलायची, खोलीतली हवा त्याच फटींतून बाहेर जाईल आणि किड्यांना वाऱ्याविरुद्ध यावं लागेल. वायरमनने आधी दोन वायरींची अदलाबदल करून दिली. फॅन होता तसाच फिरला, या मोटरी तशा उलट्या फिरत नाहीत, अख्खी फ्रेमच काढून फिरवावी लागली. आणि त्या पट्ट्या बाहेर जाणाऱ्या हवेनेच उघडतात, उलटं केल्यावर बंदच राहतात, त्या काढून टाकल्या आणि तिथे जाळीची चौकट ठोकली. शेजारची काकी बघायला आलेली, म्हणे, "उलटो पंखो कोण लावता रे?"

पण काकी, फरक पडलाय! डास उडण्यात तसा लेचापेचा प्राणी, ताशी दोन-अडीच किलोमीटरच्या वर फारसा जात नाही, त्यामुळे फटीतून अंगावर वारा येत असला की तिथून आत शिरणं त्याला जड जातं. पूर्ण गेले म्हणणार नाही, रात्री दोन-चार तरी सापडतातच, पण मच्छरदाणीशिवाय झोप लागतेय. हे फक्त या छोट्या खोलीत बरं का, तिला वर फळ्यांचा माळा आहे म्हणून. माजघरात थेट कौलं, तिथे हवा कुठल्या कुठे जाते, फॅन लावून उपयोग शून्य. आढीच्या खोलीत मात्र दुसरा छोटा फॅन सरळच ठेवलाय, पिकलेल्या आंब्याचा वास बाहेर जायला हवा, नाहीतर चिलटं घरभर.

दुपारी खारा वारा असला की फॅन लावतच नाही, पश्चिमेची खिडकी पुरते. खरी पंचाईत संध्याकाळी, खारा वारा पडलेला आणि मतलई, म्हणजे रात्रीचा जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, अजून सुटलेला नाही, हवा ठप्प, आणि डासही नेमके तेव्हाच. मी सहाला चालू करतो ते झोपेपर्यंत. बिलात काही जाणवलं नाही, 50 वॉटचा आहे, दहा तास चालला तरी अर्धा युनिट. ट्यूब काढून पिवळा दिवा लावला त्याचाही फायदा झाला असणार, सगळं श्रेय फॅनचं नाही.

जाळीवाल्यावर मात्र राग आहे. स्टीलची सांगून पैसे घेतले आणि स्क्रू साधे लोखंडी मारले, खाऱ्या हवेत महिन्याभरात गंजून भिंतीवर तांबडे ओघळ. दोन खिडक्यांना फायबरची बसवलीय ती गंजत नाही पण मांजराने एक फाडलीच. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा, मीठ आणि धूळ बसून चिकट थर होतो आणि वारा अर्धा होतो, मी आळस केला तेव्हा लगेच कळलं.

आणि पट्ट्या काढल्याचा हिशोब पहिल्या वळवाच्या पावसाने केला, गादीची एक बाजू पूर्ण ओली. वर पत्र्याचा छज्जा करायला सांगितलाय, पत्रेवाला तीन दिवस "उद्या येतो" म्हणतोय, तोवर फॅन बंद करून बाहेरून गोणपाट बांधलंय आणि रात्री आई परत कॉइल शोधतेय.