इंग्रजी वाक्प्रचार शिकायचे कुठून: यादी, मालिका, कार्डं की माणसं?

व्याकरण बऱ्यापैकी येतं, बातमी वाचून समजते, ईमेल लिहिताना अडत नाही. पण इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशी चार माणसं आपापसात गप्पा मारू लागली की निम्मं डोक्यावरून जातं. या टप्प्यावरचा माणूस बहुधा 'पाचशे इंग्लिश इडियम्स' छापाची यादी उघडतो. माझ्या मते सुरुवातीला हाच सगळ्यात वाईट पर्याय आहे, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू.

यादीची खोट तिच्या निवडीत असते. करणाऱ्याला जे गमतीदार वाटतं ते आत येतं. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' आणि 'किक द बकेट' यांच्याशिवाय यादीचं पान हलत नाही. बोलताना मात्र ते क्वचितच कानावर पडतात. रोझामंड मून यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे १ कोटी ८० लाख शब्दांचा इंग्रजी मजकुराचा संग्रह धुंडाळला होता. त्यांनी तपासलेल्या शब्दप्रयोगांपैकी बहुसंख्य प्रयोग दहा लाख शब्दांमागे एकदाही आढळले नाहीत.

रोजच्या बोलण्यात खरी गर्दी असते ती 'एंड अप', 'फिगर आउट', 'टर्न डाउन' अशा फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ देणाऱ्या जोड्यांची. दिसायला ती साधी, त्यामुळे यादीवाल्यांना त्यांचं कौतुक नाही. गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ साली ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा ब्रिटिश इंग्रजीच्या नमुन्यांचा १० कोटी शब्दांचा संग्रह मोजला, तेव्हा फ्रेझल व्हर्ब्जच्या एकूण वापरापैकी निम्म्याहून अधिक वाटा फक्त १०० क्रियापदांचा निघाला. २०१५ मध्ये गार्निये आणि श्मिट यांनी अशीच १५० क्रियापदं निवडली आणि प्रत्येकाचे फक्त नेहमी लागणारे अर्थ ठेवले. ते सगळे मिळून २८८ भरले. यादीच हवी असेल तर ही घ्या. 'फेव्ह लिस्ट' (PHaVE List) या नावाने ती सापडते.

पण चांगली यादीसुद्धा सूर शिकवत नाही. समोरच्याने आणखी काही घेणार का विचारलं आणि उत्तर आलं 'आय ॲम गुड', तर तो नकार असतो. तुम्ही कामाच्या रगाड्याची तक्रार केली आणि सहकारी म्हणाला 'टेल मी अबाउट इट', तर त्याला तुमची कहाणी ऐकायची नसते. त्याचंही तेच रडगाणं आहे, एवढंच. असे प्रयोग कागदावर अर्थासकट पाठ केले तरी समोर आले की माणूस गोंधळतो. ते कोण, कोणाला, कुठल्या सुरात म्हणतं हे दिसावं लागतं, आणि इथे मालिका नि मुलाखती यादीला सहज मागे टाकतात.

मालिकांबद्दल मात्र एक गैरसमज आहे, की नुसत्या बघत राहिलं की भाषा आपोआप अंगी मुरते. मुरते, पण फार हळू, आणि बऱ्याचदा लक्षात कथानकच राहतं. निवडही पाहावी लागते. घरातल्या किंवा ऑफिसातल्या विनोदी मालिकांमध्ये रोजचं बोलणं भरपूर असतं. कोर्ट, खून आणि राजवाडे यांच्यात कमी. सबटायटल्स इंग्रजीच ठेवा, पण ती शब्दशः असतातच असं नाही. वाचायला वेळ मिळावा म्हणून वाक्यं कापलेली असतात. लँग्वेज रिॲक्टर हे ब्राउझरमधलं एक्स्टेंशन नेटफ्लिक्स आणि यूट्यूबवर दोन भाषांतल्या ओळी एकाखाली एक दाखवतं आणि एकेक वाक्य पुन्हा ऐकवतं. अख्खा भाग पाहण्यापेक्षा दहाच मिनिटं घेऊन ती दोनदा ऐकली तर जास्त पदरात पडतं. याला चिकाटी लागते, हे खरं.

चिकाटीही नाही आणि वेळही नाही, तर मधला मार्ग म्हणजे छोटे धडे. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'द इंग्लिश वी स्पीक' हा कार्यक्रम एका भागात एकच प्रयोग घेतो, काही मिनिटांत संपतो, संहिता सोबत मिळते आणि सगळं फुकट. त्यातले संवाद त्या एका प्रयोगासाठी बेतलेले असल्याने जरा कृत्रिम वाटतात आणि कल ब्रिटिश बोलण्याकडे आहे. तोच प्रयोग मग यूग्लिश या संकेतस्थळावर शोधावा. तिथे खऱ्या व्हिडिओंमधले तेवढेच तुकडे ऐकू येतात आणि अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असा उच्चारही निवडता येतो.

शब्दकोश हा वेगळा पर्याय नाही, वरच्या प्रत्येकाला लागणारी चाळणी आहे. केंब्रिज, लाँगमन आणि ऑक्सफर्ड यांचे विद्यार्थ्यांसाठीचे कोश ऑनलाइन फुकट पाहता येतात. त्यांत अर्थाआधी 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'ऑफेन्सिव्ह' असे शेरे असतात. ते शेरे अर्थापेक्षा महत्त्वाचे. अर्बन डिक्शनरी १९९९ पासून वाचकच लिहीत आले आहेत. नवीन स्लँग समजून घ्यायला ती ठीक, पण तिथला शब्द उचलून साहेबांसमोर वापरू नये.

अँकीसारख्या ॲपमधली फ्लॅशकार्डं (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर) शिकवत नाहीत, शिकलेलं टिकवतात. दुसऱ्याने बनवलेला तयार संच उतरवला तर ती पुन्हा यादीच झाली. स्वतः ऐकलेलं वाक्य, त्यातला प्रयोग गाळून आणि प्रसंग एका ओळीत लिहून केलेलं कार्ड खूप जास्त उपयोगी पडतं. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर अँकी फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं.

राहिली माणसं. हेलोटॉक किंवा टँडम या ॲप्सवर भाषेच्या बदल्यात भाषा शिकवणारा जोडीदार मिळतो. मात्र तुम्ही शिकाऊ आहात हे कळलं की समोरचा आपसूक सोपं, सावकाश बोलतो, म्हणजे जे ऐकायला आलात तेच गाळतो. शिवाय सभ्य माणूस चुका दाखवत नाही. पैसे देऊन शिक्षक लावलात तर 'मी अवघडल्यासारखं बोललो की थांबवा' असं आधीच सांगून ठेवा. समजण्याची तयारी झाल्यावर, ऐकलेलं आपल्या तोंडी शोभतं का ते पाहायला माणसांकडे जावं. पहिल्या महिन्यात नको.

आता तुमचं कारण काय, त्यावर निवड ठरते. परदेशी शिकायला किंवा राहायला जाणार असाल तर मालिका आणि स्वतःची कार्डं, आणि सगळा भर समजण्यावर. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करत असाल तर थोडं सावध राहा. बोलण्याच्या परीक्षेत ७ बँडच्या (म्हणजे गुणपातळीच्या) निकषांमध्ये कमी रुळलेल्या, 'इडियोमॅटिक' शब्दसंपदेचा उल्लेख आहे खरा, पण त्याच ओळीत शैलीची आणि शब्दांच्या जोड्यांची जाणही येते. पाठ केलेली म्हण वाक्यात कोंबली की ती जाण नसल्याचंच दिसतं. इथे छोटे धडे आणि फ्रेझल व्हर्ब्ज पुरेत.

तिसरी परिस्थिती बऱ्याच जणांची असते आणि तिचा विचार सहसा होत नाही: सहकारी जर्मन, जपानी, ब्राझिलियन, म्हणजे इंग्रजी कोणाचीच मातृभाषा नाही. व्हिएन्नाच्या भाषाभ्यासक बार्बरा झाइडलहोफर यांनी दाखवून दिलं आहे की अशा संभाषणात एकाने वापरलेला वाक्प्रचार दुसऱ्याला ठाऊक नसला की गाडी तिथेच अडते. तिथे वाक्प्रचार कळण्यापुरते शिका, बोलताना साधं बोला. 'टेबल' हे क्रियापद तर मीटिंगमध्ये टाळाच. 'लेट्स टेबल धिस' म्हटल्यावर ब्रिटिश माणूस विषय चर्चेला घेतो आणि अमेरिकन माणूस तो बाजूला ठेवतो.