‘हार्मोन-फ्री’ गीर गायीचं दूध म्हणून आम्हाला काय विकलं गेलं

घरात लहान मुलं असलेल्यांनी हे जरूर वाचा, विशेषतः पुण्यात राहणाऱ्यांनी.

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी काचेच्या बाटलीतलं दूध सुरू झालं. ऑरगॅनिक, हार्मोन-फ्री, गीर गायीचं, कच्चं, थेट गोठ्यातून. लिटरला 110 रुपये, म्हणजे पिशवीच्या जवळजवळ दुप्पट, आणि तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. तरी घरोघरी रतीब लागले, कारण दूध विकणाऱ्या माणसाने आधी भीती घातली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज इंजेक्शन टोचलेल्या गायींचे व्हिडिओ यायचे आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘मुलींना वेळेआधी पाळी का येते, विचार करा.’ माझी मुलगी आठ वर्षांची आहे. हे वाचल्यावर कुठली आई दराचा विचार करत बसेल?

त्या व्हिडिओंमध्ये दोन वेगळ्या गोष्टी कालवलेल्या होत्या. अमेरिकेत दूध वाढवण्यासाठी आरबीएसटी हे हार्मोन गायींना द्यायला 1993 साली मंजुरी मिळाली. कॅनडाने 1999 मध्ये ते नाकारलं, तेही गायींना होणाऱ्या त्रासामुळे: कासदाह, लंगडणं. आपल्याकडे गोठ्यात चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिन, हे दुसरंच हार्मोन. त्याने कासेत असलेलं दूध उतरतं, वासरू मेलेलं जनावरही पान्हवतं. जनावराचे त्यात हाल होतात आणि दूध वाढवण्यासाठी असं अपायकारक इंजेक्शन देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 नुसार गुन्हा आहे. म्हणून इंजेक्शन न देणारा गोठा शोधणं योग्यच आहे. पण ऑक्सिटोसिन पोटात गेल्यावर पचून जातं, मुलींच्या पाळीशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. आणि गायीची स्वतःची हार्मोन्स प्रत्येक दुधात थोडीफार असतातच, त्यामुळे ‘हार्मोन-फ्री’ दूध जगात कुठेच मिळत नाही.

संशय आला तो सासूबाईंना. त्या संगमनेरकडच्या, जन्म गायींमध्ये गेलेला. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेली बाटली त्यांनी सकाळी खिडकीपाशी उजेडात धरली आणि म्हणाल्या, “अगं, कच्चं दूध रात्रभर हललं नाही की वर पिवळसर थर धरतोच. हे वरपासून बुडापर्यंत सारखं कसं?” कारखान्यात दुधातल्या फॅटचे कण फोडून बारीक करतात, तेव्हाच ते असं एकजीव राहतं. गोठ्यावर हे होत नाही.

माझा मामेभाऊ गावी दूध संकलन केंद्र चालवतो. त्याच्या मशीनवर आकडा आला: फॅट 3.0 टक्के, एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ) 8.5 टक्के. पुढच्या आठवड्यातल्या बाटलीचाही तोच. तो म्हणाला, “ताई, एकाच गायीचं सकाळचं आणि संध्याकाळचं फॅट सारखं लागत नाही. गीरचं तर चारच्या वर जातं.” अन्न सुरक्षेच्या नियमांत गायीच्या दुधाला किमान 3.2 फॅट आणि 8.3 एसएनएफ लागतं. 3.0 आणि 8.5 हे टोन्ड दुधाचं प्रमाण आहे!

मग खासगी लॅबमध्ये फॉस्फेटेजची चाचणी करून घेतली. कच्च्या दुधात हे विकर (एन्झाइम) असतं, पाश्चरायझेशनच्या उष्णतेने ते नष्ट होतं. अहवाल आला निगेटिव्ह. ‘कच्चं’ म्हणून विकलेलं दूध आधीच कारखान्यातून तापवून आलेलं होतं. माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा हाच. रंग, वास, चव यांवर वाद घालता येतो, यावर नाही.

गोठा दाखवला होता ना, असं काही जण विचारतात. दाखवला होता, रविवारी अकरा वाजता, धारा काढून झाल्यावर. नऊ गायी, त्यातल्या दोन भाकड. उरलेल्या सातांनी दिवसाला दहा-दहा लिटर दिलं तरी सत्तर लिटर. त्याची गाडी त्याहून कितीतरी जास्त बाटल्या वाटत होती. गोठा बघायचा तर न सांगता, धारेच्या वेळी जा.

ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट मागितलं तेव्हा उत्तर ठरलेलं होतं: “ताई, आम्ही शेतकरी, आम्हाला लागत नाही.” थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला ही सूट आहे हे खरं, पण वार्षिक उलाढाल 12 लाखांपर्यंत असेल तरच. 110 रुपयांनी रोज 30 लिटर विकलं तरी वर्षाला 12 लाख ओलांडतात. त्यापुढे एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी ऑरगॅनिक योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र हवंच. झाकणावरचा 14 आकडी परवाना क्रमांक आम्ही फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी साइटवर टाकून पाहिला. अशी नोंदच नव्हती.

लॅबचा अहवाल दाखवल्यावर तो आधी म्हणाला, चारा बदललाय. दुसऱ्या दिवशी ग्रुप बंद आणि फोन बंद. अनेकांचे आगाऊ पैसे अडकले आहेत.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. अन्नाची दिशाभूल करणारी जाहिरात केल्यास अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 53 खाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आपापली तक्रार नोंदवा. पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट आणि त्याचे जुने मेसेज डिलीट करू नका. अशी बाटली तुमच्याकडे नव्याने सुरू झाली असेल तर आगाऊ पैसे देण्याआधी दोन-चार घरांनी मिळून फॉस्फेटेजची चाचणी करून घ्या.