लिनक्सवरून एसएसडीचं फर्मवेअर अपडेट: एफडब्ल्यूअपडी वापरून झालं, आता रिव्ह्यू

लिनक्सवर फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत बसलेला, ते चालवणारा प्रोग्राम) अपडेट करणारं टूल म्हणजे एफडब्ल्यूअपडी. त्याला ५ पैकी ४ स्टार. फुकट आहे म्हणून मार्क वाढवलेले नाहीत, आणि जो एक कापलाय तो का कापला ते पुढे येईलच.

पुण्यात कर्वेनगरला आमचं छोटं ऑफिस आहे, टेस्टिंगची मशीनं सगळी उबंटूवर आणि जवळपास प्रत्येकात एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवर थेट लागणारी वेगवान ड्राइव्ह). ब्रँड म्हणाल तर भेळ, ज्या वेळी जी स्वस्त मिळाली ती उचलली. या सगळ्यांचं फर्मवेअर एकदा बघून घे असं सरांनी सांगितलं आणि काम माझ्या गळ्यात आलं. एसएसडीला आत स्वतःचं फर्मवेअर असतं हेच बऱ्याच जणांच्या गावी नसतं. तपकीर गल्लीत ज्यांच्याकडून आम्ही माल घेतो त्या काकांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, ते मोबाइलला असतं हो, याला काय नसतं, बिनधास्त लावा."

असतं काका. आणि त्यात बगपण असतात, तेही साधेसुधे नाहीत. जुने लोक असतील त्यांना क्रुशलची एम४ एसएसडी आठवत असेल, ५१८४ तास चालून झाली की मशीन तासा तासाला मान टाकायचं, जानेवारी २०१२ मध्ये ०३०९ नंबरचं फर्मवेअर काढून ते मिटवलं. त्याहून भयानक प्रकार एचपीईच्या सर्व्हरमधल्या काही एसएएस (सर्व्हरमध्ये ड्राइव्ह जोडायची एक पद्धत) एसएसडींचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच कळवलं की ३२,७६८ तास भरले की ड्राइव्ह बंद पडणार, डेटा गेला आणि ड्राइव्हही गेला, काहीच परत मिळणार नाही, त्याच्या आत अपडेट करा. दिवसरात्र चालू ठेवलं तर हे होतात ३ वर्षं २७० दिवस ८ तास. ज्याने कधी १६ बिटचा साइन्ड काउंटर (जास्तीत जास्त ३२,७६७ पर्यंत मोजणारा) लिहिलाय त्याला नुसता आकडा बघून पोटात गोळा येईल. आणि रेड (एक ड्राइव्ह गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक ड्राइव्ह एकत्र लावायची सोय) लावलंय म्हणून निवांत असाल तर एकाच दिवशी लावलेले ड्राइव्ह एकाच दिवशी तास पूर्ण करतात, मग कशाचं रेड आणि कशाचं काय.

तर एफडब्ल्यूअपडी. रेड हॅटमधल्या रिचर्ड ह्यूजने २०१५ च्या सुमारास सुरू केलेलं प्रकरण, फायली जिथून येतात त्या सर्व्हरला एलव्हीएफएस म्हणतात आणि तो २०१९ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे. हार्डवेअर बनवणाऱ्या कंपन्या तिथे फर्मवेअर चढवतात, सह्या तपासल्या जातात आणि आपल्या मशीनवर फक्त आपल्या मॉडेलचं येतं. उबंटू-फेडोरावर बहुतेक वेळा आधीच बसलेलं असतं. टर्मिनलवर रिफ्रेश, मग गेट-अपडेट्स, मग अपडेट, एवढंच. कुठल्या तरी वेबसाइटवरून झिप उतरवा, त्यात एक्सई, त्यासाठी कुणाचं तरी विंडोजचं मशीन मागा, मग पेन ड्राइव्ह शोधा, हे सगळं वाचतं. ज्या ड्राइव्हला त्याच्याकडे फाइल होती त्यांचं काम चहा येईपर्यंत झालं.

पण फर्मवेअर लिहिलं जाणं हा माझ्या मते रिव्ह्यूचा मुद्दाच नाही, ते बऱ्याच टूलला जमतं. माझा प्रश्न एवढाच की झाल्यावर खरं कोण सांगतं? म्हणजे अपडेट झालं, की नुसतं आत जाऊन पडलंय, की रीबूट हवाय, की पूर्ण बंद करून चालू करायचंय. इथे एफडब्ल्यूअपडी चांगलं वागतं. रीस्टार्ट लागणार असेल तर स्पष्ट विचारतं, काही मॉडेलना रीस्टार्ट पुरत नाही, पॉवर पूर्ण जावी लागते, तिथे शटडाउन मागतं. आणि मशीन परत वर आलं की ड्राइव्हवरचं व्हर्जन खरंच बदललंय का ते स्वतः पडताळून हिस्टरीमध्ये लिहून ठेवतं. गेट-हिस्टरी मारलं की कळतं. मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

आता आत काय चालतं ते थोडं, कारण त्याशिवाय लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये (ड्राइव्हशी बोलणारा भाग) झालेल्या एका दुरुस्तीची गंमत कळणार नाही. एनव्हीएमईमध्ये अपडेट दोन पायऱ्यांत होतं. आधी फाइल तुकड्या तुकड्यांनी ड्राइव्हला पाठवायची, ही डाउनलोड कमांड, आणि मग कमिट. कमिट होत नाही तोवर चालू फर्मवेअरला धक्का लागत नाही. ड्राइव्हमध्ये फर्मवेअरचे स्लॉट असतात, १ ते ७ पर्यंत कितीही, आणि काही ठिकाणी पहिला स्लॉट फक्त वाचायचा असतो म्हणजे कारखान्यातलं मूळ फर्मवेअर कायम शाबूत. घरात गॅसचे दोन सिलिंडर असतात, एक शेगडीला लागलेला आणि एक भरून बाजूला, तसंच हे, नवीन आणला म्हणजे तो लागला असं नाही, रेग्युलेटर बदलावा लागतो. तो कधी बदलायचा ते कमिटच्या वेळी आकड्याने सांगतात: ० म्हणजे नुसतं ठेव, १ म्हणजे ठेव आणि पुढच्या रीसेटला लाव, २ म्हणजे आधीच ठेवलेलं पुढच्या रीसेटला लाव, ३ म्हणजे रीसेट न करता आत्ताच्या आत्ता.

खरी कसोटी या ३ ची. कारण ज्या ड्राइव्हवर तुमची पूर्ण सिस्टीम चालू आहे त्याच ड्राइव्हचा मेंदू चालू गाडीत बदलायचाय. ड्राइव्ह तेव्हा कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) निरोप पाठवतो की मी आता फर्मवेअर बदलतोय, लिनक्सचा एनव्हीएमई ड्रायव्हर तो ऐकून वाचायच्या-लिहायच्या रांगा थांबवतो, मग दर १०० मिलिसेकंदांनी एका स्टेटस बिटमध्ये डोकावतो की बाबा झालं का, आणि बिट उतरला की रांगा परत सोडतो. किती वेळ वाट बघायची ते ड्राइव्हनेच आधी सांगितलेलं असतं, त्याचं एककही १०० मिलिसेकंदच. तेवढ्यात नाही झालं तर ड्रायव्हर कंट्रोलर रीसेट करायला घेतो आणि लॉगमध्ये तशी ओळ येते. सगळं नीट झालं तर वरच्या प्रोग्रामना काही एरर दिसत नाही, नुसतं क्षणभर अडकल्यासारखं होतं.

एवढं सगळं व्यवस्थित होतं आणि बग कुठे तर शेवटच्या साध्या गोष्टीत! ड्रायव्हर फर्मवेअरचं व्हर्जन सुरुवातीला ड्राइव्ह ओळखताना एकदा वाचायचा आणि सिसएफएसमध्ये (कर्नल हार्डवेअरची माहिती फायलींसारखी मांडतो ती जागा) तेच दाखवत राहायचा. रीबूट केलं की परत वाचलं जायचं त्यामुळे कुणाला खटकत नव्हतं. पण ३ वापरून जागच्या जागी बदललं की ड्राइव्ह नव्या फर्मवेअरवर आणि कर्नल जुनंच सांगतोय. आधी एनव्हीएमई-सीएलआय या टर्मिनलवरच्या टूलची लिस्ट कमांड दर वेळी थेट ड्राइव्हला विचारायची म्हणून हे झाकलं जायचं, मग त्यांनी ती सिसएफएसवरून वाचायला लावली आणि पितळ उघडं पडलं. २०२३ च्या शेवटी ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती झाली, आता अपडेट लागू झालं की तो स्लॉटचा लॉग वाचून व्हर्जन ताजं करतो. बदल छोटासाच. पण विचार करा, मशीनची यादी बनवणारी स्क्रिप्ट सिसएफएस वाचतेय, ती म्हणणार अपडेट झालंच नाही, मग कोणीतरी परत फर्मवेअर चढवणार, विनाकारण. उलट दिशेने चुकलं असतं तर त्याहून वाईट, पण हेही काही कमी डोकेदुखीचं नाही.

कर्नल जुना असेल तर लिस्टवर विश्वास ठेवू नका, त्याच टूलची id-ctrl कमांड मारा, ती थेट ड्राइव्हला विचारते. आणि fw-log बघा, त्यात एएफआय नावाचा आकडा असतो, हेक्समध्ये शेवटचा अंक म्हणजे आत्ता कुठला स्लॉट चालू आहे आणि त्याच्या आधीचा अंक म्हणजे पुढच्या रीसेटला कुठला लागणार. २१ दिसलं तर आत्ता १ चालू आहे आणि रीसेटनंतर २ लागेल. एवढं कळलं तरी निम्मा गोंधळ संपतो. अजून एक, कमिटनंतर कधी कधी "रीसेट लागेल" अशा अर्थाचा स्टेटस कोड येतो आणि तो एररसारखा दिसतो, ते फेल नाहीये, फर्मवेअर आत गेलंय, फक्त लागू व्हायचंय. आमच्याकडचा एक मुलगा ते बघून ड्राइव्ह गेली म्हणून घाबराघुबरा होऊन आला होता. म्हटलं अरे बस, पाणी पी, रीस्टार्ट कर.

आता कापलेला स्टार. एलव्हीएफएसवर सगळ्या कंपन्या नाहीत, आणि ज्या आहेत त्यांचेही सगळे मॉडेल नाहीत. लॅपटॉपबरोबर आलेल्या ड्राइव्हना मिळण्याची शक्यता बरी, दुकानातून सुट्या घेतलेल्यांना नशीब. आमच्याकडच्या एका ब्रँडचं, नाव घेत नाही, अपडेट फक्त विंडोजच्या टूलमधून. सपोर्टला मेल टाकला तर उत्तर आलं की कृपया विंडोज इन्स्टॉल करा. वा! ज्या ड्राइव्हचं फर्मवेअर बदलायचंय त्याच्यावरच विंडोज टाकू का? हा दोष एफडब्ल्यूअपडीचा नाही मला मान्य आहे, पण कंपनीने फाइलच दिली नसेल तर वापरणाऱ्याला शेवटी हात हलवत बसावं लागतं. टूल कितीही हुशार असलं तरी फाइलशिवाय काय करणार, म्हणून स्टार कापला.

पुणेकरांसाठी खास सूचना, गुरुवारी हे काम काढू नका. महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी निघतात आणि लाइट कधी जाईल त्याचा भरवसा नसतो. डाउनलोड चालू असताना लाइट गेली तर फार बिघडत नाही, कमिटच्या वेळी गेली आणि ड्राइव्हला स्लॉट एकच असेल तर मग देवच पावला पाहिजे. लॅपटॉप असेल तर एफडब्ल्यूअपडी चार्जर लावलाय का, बॅटरी पुरेशी आहे का ते बघतं, साध्या डेस्कटॉपला बॅटरीच नाही तर ते तरी काय बघणार. यूपीएस असेल तरच करा आणि बॅकअप आधी घ्या. अपडेटने एरवी डेटा जात नाही, पण रिलीज नोट वाचल्याशिवाय हात लावू नका.

आणि जुना एनव्हीएमई यूएसबीच्या डबीत घालून बाहेरून अपडेट करू असा विचार असेल तर सहसा जमत नाही. ती डबी कर्नलला साधी यूएसबी डिस्क म्हणून दिसते, एनव्हीएमई ड्रायव्हर मध्ये येतच नाही, आणि मधली ब्रिज चिप फर्मवेअरच्या कमांड सहसा पुढे सोडत नाही. स्मार्टची (ड्राइव्हच्या तब्येतीची) माहिती काही चिपांमधून मिळते, तेवढ्यावरून फसू नका. मदरबोर्डवरच्या एम.२ स्लॉटमध्येच लावा. काकांनी डबी दाखवून "यात सगळं होतं साहेब" म्हटलं तरी.