ओपनबीएसडी: लॅपटॉपवर आणि घरच्या सर्व्हरवर नऊ महिने

सुरक्षिततेला प्राधान्य देणारी ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायची असे ठरल्यावर माझ्यापुढे क्यूब्स आणि ओपनबीएसडी हे दोनच पर्याय उरले. प्रत्येक कामाला वेगळे आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आतच चालणारा स्वतंत्र संगणक, देण्याची क्यूब्सची कल्पना मला आजही अधिक पटते. परंतु तिच्यासाठी १६ जीबी रॅमची शिफारस आहे आणि माझ्या जुन्या थिंकपॅडमध्ये ८ जीबीच आहे. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपनबीएसडी ७.६ लॅपटॉपवर आणि घरातल्या छोट्या सर्व्हरवर बसवली.

पहिल्याच ऑनलाइन बैठकीत माझा आवाज कोणालाही ऐकू गेला नाही. बराच वेळ हेडफोनला दोष दिल्यानंतर मॅन पानांतून, म्हणजे सिस्टिमसोबतच येणाऱ्या माहितीपुस्तिकेतून, उलगडा झाला की, मायक्रोफोन आणि कॅमेरा यांवरून काही टिपण्याची मुभा येथे कर्नेलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, पातळीवरच बंद असते व ती आपण होऊन सुरू करावी लागते. फायरफॉक्सचेही तसेच. ईमेलला फाइल जोडू गेलो, तर डाउनलोड्स सोडून माझे एकही फोल्डर दिसेना. २०१८ च्या ६.४ आवृत्तीत आलेल्या 'अनव्हेल' या सोयीने ब्राउझरला डिस्कचा तेवढाच भाग दाखवलेला असतो, त्यामुळे एखाद्या संकेतस्थळाने ब्राउझर ताब्यात घेतला तरी माझ्या कागदपत्रांपर्यंत त्याला सहज पोहोचता येणार नाही. सेटिंग बदलून ही मर्यादा सैल करता येते. मी ती केलेली नाही. जोडायची फाइल आधी डाउनलोड्समध्ये टाकण्याची सवय आठवडाभरात लागली.

ब्लूटूथ मात्र नाहीच. त्याचा कोड २०१४ मध्ये काढून टाकला गेला. तारेचे इअरफोन विकत घ्यावे लागले.

सर्व्हरवर समाधान अधिक आहे. वेबसर्व्हर, नेटवर्कची ये-जा गाळणारी पीएफ फायरवॉल आणि संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र मिळवणारा प्रोग्रॅम हे सारे मूळ सिस्टिममध्येच असल्याने बाहेरचे एकही पॅकेज (वेगळे चढवायचे सॉफ्टवेअर) लागले नाही, आणि पीएफचे नियम सहा महिन्यांनी उघडले तरी वाचून समजतात. सुरक्षा दुरुस्त्या 'सिसपॅच'ने येतात. एप्रिल २०२५ मध्ये ७.७ आली, तेव्हा 'सिसअपग्रेड' चालवून चहा होईपर्यंत दोन्ही यंत्रे नव्या आवृत्तीवर गेली. हे टाळून चालत नाही, कारण आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि दुरुस्त्या शेवटच्या दोनच आवृत्त्यांना मिळतात.

खरा त्रास विजेने दिला. येथील फाइल सिस्टिमला जर्नल, म्हणजे डिस्कवरच्या बदलांची आधीच ठेवलेली नोंद, नाही. पावसाळ्यात वीज गेली की सर्व्हर सुरू होताना संपूर्ण डिस्क तपासत बसतो, आणि एकदा तर तपासणी अर्धवट थांबवून त्याने माझ्याकडेच उत्तर मागितले. मी तेव्हा बाहेरगावी होतो. परतल्यावर पहिली खरेदी यूपीएसची केली. लॅपटॉपला बॅटरी असल्याने तेथे हा प्रश्न आला नाही.

मूळ इन्स्टॉलेशनमध्ये प्रदीर्घ काळात दूरून घुसता येण्याजोग्या दोनच त्रुटी सापडल्या, असे ओपनबीएसडीचे घोषवाक्य सांगते. ते वाचून निवड करणाऱ्याने 'मूळ इन्स्टॉलेशन' या शब्दांकडे नीट पाहावे, कारण त्यात मुळात फारच थोड्या सेवा चालू असतात. आपण वर चढवलेल्या पॅकेजना ते लागू नाही. वेगाच्या बाबतीतही अपेक्षा कमी ठेवावी: प्रोसेसरचे हायपरथ्रेडिंग (एका गाभ्यावर एकाच वेळी दोन कामे चालवण्याची सोय) सुरक्षेसाठी आपोआप बंद असते आणि जड संकेतस्थळांवर ते जाणवते.

माझ्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा (स्वाक्षरी साठवणाऱ्या यूएसबी साधनाचा) ड्रायव्हर मात्र मिळाला नाही. त्या एका कामासाठी विंडोजचे जुने यंत्र कपाटात ठेवले आहे आणि विवरणपत्र भरण्यापुरते ते बाहेर निघते.