झॅम्पवर कमांड लाइनच्या स्क्रिप्ट: मिरगापासून शिगम्यापर्यंतचा अनुभव

फोंड्यातल्या आमच्या वाचनालयाची देवघेव उबुंटू या लिनक्सवर बसवलेल्या झॅम्पमधून (वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी यांचा एकत्र संच) चालते. सभासद नोंदणी आणि पुस्तकं परत घेणं ब्राउझरमध्ये होतं. मुदत टळलेल्या पुस्तकांची यादी, वर्गणीचा हिशेब आणि रात्रीचा बॅकअप ही कामं पीएचपी भाषेतल्या स्क्रिप्ट करतात, क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीवर. ब्राउझरची बाजू चोख आहे, त्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही. ज्यांना स्क्रिप्ट चालवायच्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पावसाळा सुरू झाला आणि ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "पडद्यावर सगळं दिसतंय, मग रात्रीची यादी का येत नाही?" टर्मिनलवर स्क्रिप्ट चालवली तर डेटाबेसशी जोडणी न झाल्याची २००२ क्रमांकाची एरर आणि पुढे 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. अशा वेळी बहुतेक जण पासवर्ड बदलत बसतात. पासवर्डचा इथे संबंधच नाही. पासवर्ड चुकला तर १०४५ येते, आणि ती आली याचा अर्थ निदान डेटाबेसच्या सर्व्हरपर्यंत पोचलात.

खरी गोष्ट अशी, की लिनक्सवर डेटाबेसचा पत्ता म्हणून 'लोकलहोस्ट' (हेच मशीन) लिहिलं की पीएचपी नेटवर्कवरून जातच नाही, एकाच मशीनवरचे प्रोग्रॅम जिच्यातून बोलतात ती सॉकेट नावाची फाइल शोधतो. झॅम्पची ती फाइल ऑप्ट फोल्डरमध्ये, लॅम्पच्या आत असते. पण टर्मिनलवर नुसतं 'पीएचपी' म्हटलं की उबुंटूचा स्वतःचा पीएचपी धावतो, आणि तो ती रनच्या मायएसक्यूएलडी फोल्डरमध्ये शोधतो. मशीन एकच, पण पीएचपी दोन आणि दोघांच्या सेटिंगच्या फाइल वेगळ्या. 'विच पीएचपी' ही कमांड दिली की कोणता धावतोय ते कळतं. 'पीएचपी डॅश डॅश आयएनआय' दिली की कोणती सेटिंग फाइल वाचली तेही दिसतं. 'कुड नॉट फाइंड ड्रायव्हर' असा संदेश आला, तर धावणाऱ्या पीएचपीत मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारं एक्स्टेन्शन चालू नाही.

उपाय दोन. क्रॉनमध्ये झॅम्पच्याच पीएचपीचा पूर्ण पत्ता द्यायचा, किंवा स्क्रिप्टमध्ये लोकलहोस्टऐवजी १२७.०.०.१ हा त्याच मशीनचा नेटवर्कचा पत्ता लिहायचा. मी दोन्ही केलं. दुसऱ्याचा फायदा वीज गेल्यावर कळतो. इकडे पावसात वीज जाते हे कुणाला सांगायला नको, आणि मशीन परत चालू झालं तरी झॅम्प मुद्दाम सोय केल्याशिवाय आपोआप उठत नाही. चुकीच्या जागी सॉकेट शोधणाऱ्या पीएचपीला सर्व्हर चालू असो वा बंद, उत्तर तेच मिळतं. १२७.०.०.१ वर मात्र सर्व्हर बंद असला की स्पष्ट 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. म्हणजे ३३०६ पोर्टवर कुणी ऐकत नाहीये, आधी सर्व्हर उठवा. एवढा फरक पडद्यावर दिसला तरी निम्मं काम झालं.

एक काळजी घ्या. डेटाबेसच्या सर्व्हरवर पत्त्यावरून मशीनचं नाव शोधणं बंद ठेवलेलं असेल, तर 'लोकलहोस्ट'साठी दिलेली परवानगी १२७.०.०.१ ला लागू होत नाही आणि मग १०४५ येते. त्या पत्त्यासाठी वेगळी परवानगी द्यावी लागते.

क्रॉनचं वेगळंच. तुमच्या बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या शेलमध्ये, ठेवलेले व्हेरिएबल त्याला दिसत नाहीत आणि काम घरच्या फोल्डरमधून सुरू होतं. म्हणून हाताने चालणारी स्क्रिप्ट रात्री पडते. कॉन्फिग फाइलचा पूर्ण मार्ग द्या आणि एरर लॉगमध्ये वळवा, नाहीतर ती कुणाच्याच नजरेस पडत नाही. शिगम्यापर्यंत याद्या रोज वेळेवर आल्या, बॅकअपही.

आतल्या नेटवर्कपुरतं वापरायचं असेल तर झॅम्प घ्या. सभासदांना घरून पुस्तकं बघू द्यायची असतील तर घेऊ नका: ते मुळात डेव्हलपमेंटसाठी आहे, सुरुवातीला डेटाबेसच्या रूट या मुख्य खात्याला पासवर्डही नसतो. तिथे उबुंटूचाच मारियाडीबी डेटाबेस आणि पीएचपी बसवा.