घरामागच्या जागेत काय करावं? खाद्यझाडं, पाण्याचं टाकं, मियावाकी की दाण्याचं भांडं

मुलुंडला आमचं घर तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की कंपाउंडच्या भिंतीपर्यंत बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब असा पट्टा. नऊ वर्षांपूर्वी तिथे फरशीचे तुकडे, कुणीतरी टाकलेलं बेसिन आणि एक कढीपत्ता एवढंच होतं. आज तिथे फुलपाखरं, बेडूक, सापसुरळ्या आणि एक दयाळाची जोडी असते. ते बघून बरेच जण विचारतात, ‘आमच्याकडेही थोडी जागा आहे, काय करू?’ बहुतेकांच्या मनात चारच गोष्टी असतात: फुलपाखरांची झाडं, पाण्याचं छोटं टाकं, मियावाकी म्हणजे थोड्या जागेत दाटीने लावलेलं जंगल, नाहीतर पक्ष्यांसाठी दाणे. यातल्या तीन मी स्वतः केल्या. मियावाकी बहिणीच्या सोसायटीत पहिल्या खड्ड्यापासून पाहिलं.

निवडताना मी एकच गोष्ट तपासायला सांगते. इथे कोण जन्माला येईल? येऊन, खाऊन, उडून जाणारे खूप असतात आणि तेही हवेतच. पण एखादा जीव आपल्या अंगणात अंड्यातून बाहेर पडला आणि इथेच मोठा झाला, तरच ती जागा त्याचं घर झाली.

खाद्यझाडं

फुलपाखरांची बाग म्हटलं की लोक नर्सरीतून रंगीत फुलं आणतात. झेंडू, एक्झोरा, कधीकधी घाणेरीसुद्धा. फुलपाखरं येतात, मध पितात, जातात. अंडी घालायला मात्र प्रत्येक जातीला तिचं ठरलेलं झाड लागतं, कारण अळी दुसरं पान खात नाही. त्या झाडाला खाद्यझाड म्हणायचं. आपल्याकडे त्यातली निम्मी झाडं घरोघरी असतातच. लिंबू आणि कढीपत्ता यांवर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं अंडी घालतात. लिंबू, पपनस या कुळावर नीलवंत वाढतं, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन. 2015 साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं. सीताफळ आणि सोसायट्यांच्या भिंतीकडेने उभा असलेला तो उंच खोटा अशोक, यांवर टेल्ड जे. रुईवर प्लेन टायगर, सापसंदाच्या वेलावर क्रिमझन रोझ, कोरांटीवर पॅन्सी, बहाव्यावर एमिग्रंट. पावसाळ्यात आपोआप उगवणारा टाकळा उपटून टाकू नका. त्यावर ग्रास यलो ही बारकी पिवळी फुलपाखरं वाढतात, आणि कोवळा असताना आपल्यालाही भाजीला होतो.

लिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीएवढं फिकट पिवळं अंडं दिसलं तर तीन-चार दिवस थांबा. बाहेर येणारी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट आणि मध्ये पांढरा डाग. त्यामुळे बुलबुल तिला सोडून देतो. कात टाकत टाकत ती शेवटी हिरवीगार होते. हलकं बोट लावलं तर डोक्यामागून शेंदरी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माझा नातू त्याला ‘राग आला’ म्हणतो. मग एक दिवस ती काडीला कमरेभोवती रेशमाचा एकच धागा बांधून टेकते, आणि कोष होतो. अंड्यापासून पंखांपर्यंत साधारण महिना.

याची किंमत तुम्हाला पानांत मोजावी लागते. कढीपत्ता ऑगस्टमध्ये काड्यांवर येतो. मी दोन झाडं ठेवलीत, एक फोडणीचं आणि एक त्यांचं. फोडणीच्या झाडावर अळी दिसली की हाताने उचलून पलीकडे नेऊन ठेवते. औषध मारायचं नाही ही अट मात्र सोडता येत नाही, आणि खरी अडचण तिथेच येते. तीन वर्षांपूर्वी सोसायटीने पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, त्याने मला न विचारता भिंतीकडेला सगळीकडे फवारलं. संध्याकाळी लिंबाखाली एकवीस अळ्या मरून पडल्या होत्या. मोजल्या मी. तेव्हापासून वर्षाच्या सुरुवातीला कमिटीला लेखी पत्र देते की मागचा पट्टा फवारणीतून वगळावा, आणि पेस्ट कंट्रोलच्या दिवशी घरी थांबते. तुम्हीही लावण्याआधी हे बोलून घ्या. नर्सरीतून आणलेल्या रोपावरही औषध मारलेलं असू शकतं, म्हणून नवं रोप पाण्याने धुऊन महिनाभर बाजूला ठेवलेलं बरं.

अळ्या वाढल्या की पक्षी आपोआप येतात. चिमणी दाणे खाते हे आपण सगळे बघतो, पण पिल्लांना पहिल्या दिवसांत ती किडे-अळ्याच भरवते. शिंपी आणि शिंजीर यांचंही तसंच. म्हणजे लिंबाचं झाड लावून तुम्ही फुलपाखरांबरोबर पक्ष्यांचीही पंगत मांडता. नमुना बघायचा असेल तर ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर राजेंद्र ओवळेकरांची वाडी आहे. त्यांनी आपल्या जमिनीवर खाद्यझाडं लावत लावत फुलपाखरांची बाग उभी केली. एक सकाळ तिथे फिरलं की कुठल्या झाडावर कोण, हे डोळ्यांनी कळतं.

पाण्याचं टाकं

जन्माच्या हिशोबात पाण्याला तोड नाही. माझं टाकं म्हणजे अर्धा कापलेला ड्रम, जमिनीत पुरलेला, तळाशी माती आणि दगड, एक कमळाचं रोप, काठाला लव्हाळ्याची दोन बेटं. पहिल्याच पावसाळ्यात चतुर आले. त्यांची पिल्लं पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. दुसऱ्या वर्षी जुलैत एका सकाळी टाक्यावर वाकलेल्या अळूच्या पानाला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा लटकलेला दिसला. मी तो पुसायलाच निघाले होते. मुलगी म्हणाली, आई थांब. झाडावरच्या बेडकाने तिथे अंडी घातली होती. वरून फेस वाळतो, आत ओल राहते. काही दिवसांनी खालचा भाग विरघळला आणि इवले इवले बेडूकमासे टपाटप पाण्यात पडले.

पण मुंबईत पाणी साठवणं म्हणजे डासांचा प्रश्न, आणि तो गंभीरपणे घ्यावा लागतो. डेंग्यूचा एडीस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. महापालिकेचा कीटकनाशक विभाग घरोघरी येऊन तपासतो, अळ्या सापडल्या तर नोटीस येते, आणि ती योग्यच आहे. सुरुवातीला चतुर नसतात तेव्हा मासे सोडावे लागतात. पालिका गप्पी वापरते. गप्पी चोख काम करतात, पण तो बाहेरच्या देशातला मासा आहे. टाकं भरून वाहिलं आणि तो नाल्यातून ओढ्यात गेला तर तिथल्या माशांना त्रास. शिवाय मासे बेडकांची अंडी आणि बारकी पिल्लंही खातात. मासे आणि बेडूक दोन्ही हवे असतील तर दोन वेगळी भांडी ठेवा, आणि बिनमाशांच्या भांड्यात चहाच्या गाळणीने दर दोन दिवसांनी डासांच्या अळ्या शोधा. एवढं होणार नसेल तर टाकं करू नका, असंच मी सांगते.

दुसरी गोष्ट सापांची. बेडूक आले की दिवड येतो, उंदीर असले की धामण. दोघेही बिनविषारी, पण शेजाऱ्यांना ते समजावून सांगणं तुमच्याकडे येतं. आणि डोंगराच्या पायथ्याशी घोणस किंवा नागही निघू शकतो. साप दिसला की काठी उचलायची नाही, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करायचा. घरात रांगणारं मूल असेल तर टाक्यावर आधी लोखंडी जाळी बसवा, पाणी नंतर.

खर्चाच्या मानाने टाकं आणि खाद्यझाडं जवळपास सारखीच. वेळेचा मात्र फरक आहे. झाडांकडे मी चार दिवस फिरकले नाही तरी चालतं. टाक्याकडे पावसाळ्यात रोज जावं लागतं.

मियावाकी

जपानचे वनस्पतीशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी ही पद्धत काढली. जमीन खोल खणून, खत मिसळून, एका चौरस मीटरमध्ये तीन ते पाच स्थानिक रोपं लावायची. उजेडासाठी ती एकमेकांशी चढाओढ करत झपाट्याने वाढतात, आणि दोन-तीन वर्षांनंतर त्यांची निगा राखावी लागत नाही. मुंबई महापालिकेने 2020 पासून बऱ्याच भूखंडांवर हे केलं आहे. बहिणीच्या सोसायटीतला कोपरा तीन वर्षांत इतका दाट झाला की आत हात घालता येत नाही. उन्हाळ्यात शेजारच्या खोलीला त्याचा गारवा लागतो, आणि भारद्वाज तिथे मुक्कामाला असतो.

घरामागच्या पट्ट्यासाठी मात्र मी हे सुचवणार नाही. माझ्या जागेचे हिशोबाने बावीस चौरस मीटर होतात, म्हणजे साधारण पासष्ट ते एकशे दहा रोपं. पाच वर्षांनी ती भिंतीला आणि ड्रेनेजच्या पाइपला भिडतील. दाट सावलीत टाकळा, रुई, लिंबू टिकत नाही, आणि बहुतेक फुलपाखरांना ऊन लागतं. मोठी झालेली झाडं मग मनाला येईल तशी तोडताही येत नाहीत, 1975 च्या झाडं जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो कायदा हवाच. पण म्हणूनच लावताना विचार करायचा. शिवाय कंत्राटदार ‘स्थानिक’ म्हणून काय देतो ते यादी मागून तपासा. बहिणीकडे पहिल्या खेपेत गुलमोहर आला होता. मूळ मादागास्करचं झाड ते. आमच्याकडे बहावा, ताम्हण, करंज, पांगारा, कदंब, उंबर असताना ते कशाला? तिने ती रोपं परत पाठवली.

सोसायटीकडे चार-पाच गुंठे मोकळे असतील आणि सगळे सभासद तयार असतील, तर मियावाकी जरूर करा. कडेने दोन-तीन फुटांची उन्हाची पट्टी सोडा, तिथे झुडपं आणि गवत राहू दे.

दाणे

दाणे टाकू नका. वाईट वाटतं हे लिहिताना, कारण माझी आई रोज गॅलरीत मूठभर ज्वारी ठेवायची. पण आज मुंबईत दाण्याला येतात ते पारवे. त्यांची विष्ठा आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांचे आजार होतात. 2025 मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, ती याच कारणाने. उरलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर येतात. आमच्यासारखं जंगलाला लागून घर असेल तर उघड्यावरचं खरकटं कुत्र्यांना ओढतं आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो.

पक्ष्यांना एप्रिल-मेमध्ये पाणी मात्र ठेवा. मातीचं उथळ परळ, मध्ये बसायला एक दगड, पाणी रोज ओतून नवं. त्याच परळात बुलबुल आंघोळ करताना मी दुपारचा चहा घेते.

तुमच्याकडे जे असेल त्याप्रमाणे

पट्टा लहान, ऊन चार तासांहून जास्त, आणि दिवसभर घरी कुणी नाही: खाद्यझाडं. मेमध्येच राडारोडा उपसून लाल माती आणि शेणखत भरा, पहिला पाऊस पडला की लिंबू, कढीपत्ता, कोरांटी, सापसंद लावा. रुईच्या चिकाने डोळ्यांना इजा होते, तेव्हा लहान मुलांच्या हाताला लागेल तिथे ती नको. गळलेली पानं झाडून जाळू नका, कोपऱ्यात ढीग करा. दयाळ तो ढीग उकरत बसतो.

घरी निवृत्त माणूस असेल, रोज अर्धा तास देता येत असेल, तर झाडांबरोबर टाकंही करा. आधी एक पावसाळा फक्त झाडांचा जाऊ द्या.

जागा सोसायटीची असेल तर आधी कमिटीची मंजुरी लेखी घ्या. तोंडी होकार पुढच्या निवडणुकीत बदलतो.

आणि फक्त खिडकीची जाळी असेल तर एक कुंडी पानफुटीची लावा. माळ्याकडे विकत घ्यायचीही गरज नाही, कुणाकडून एक पान आणलं तरी मातीवर ठेवल्यावर कडेने रोपं फुटतात. त्यावर रेड पिएरो येतं, रुपयाच्या नाण्याएवढं, काळं-पांढरं-नारिंगी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मागच्या जूनमध्ये कुंडी ठेवली. सप्टेंबरमध्ये त्या धावत खाली आल्या, ‘पानांवर रोग पडलाय गं.’ मी ते पान उन्हासमोर धरलं. जाड पानाच्या दोन सालींमध्ये एक अळी गर आत आत खात चालली होती, आणि तिच्यामागे काळ्या विष्ठेची रेघ. काकूंनी चष्मा पुसला आणि पान हातातून घेतलं.