ऑनलाइन मागवलेलं लाकडी चिमणीघर: लाकूड झकास, पण भोक आणि काठी चुकलेली (5 पैकी 3 स्टार)

दोन सीझन वापरून मग लिहितेय, कारण या वस्तूचे बहुतेक रिव्ह्यू डिलिव्हरी मिळाली त्याच दिवशी लिहिलेले असतात, पॅकिंग छान, दिसायला क्यूट, पाच स्टार, आणि त्यात पक्षी राहिला का, पिल्लं नीट उडाली का हे कोणीच सांगत नाही. सेलरचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण हेच डिझाइन मला चार-पाच जणांकडे दिसलं.

आमचं सांगलीत बैठं घर आहे, मागे परसात शेवगा, कढीपत्ता, जास्वंद आणि एक जुना पेरू. जुनं कौलारू घर होतं तेव्हा वळचणीला चिमण्यांची घरटी असायची, सासूबाई सांगतात की देवाच्या फोटोमागे पण असायची आणि रोज काड्या झाडायला लागायच्या. स्लॅब टाकला आणि ते सगळं बंद झालं. चिमण्या येतात अजून, तांदूळ टिपतात, पण राहायला जागाच नाही त्यांना. म्हणून मागच्या वर्षी फेब्रुवारीत 450 रुपयांना हे चिमणीघर मागवलं. (20 मार्चच्या जागतिक चिमणी दिनाच्या आसपास ऑफर असतात. 2010 पासून हा दिवस साजरा होतो आणि त्यासाठी पुढाकार घेतला तो आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने. पण ऑफरसाठी मार्चपर्यंत थांबू नका, फेब्रुवारीतच लावा, पक्षी तेव्हापासूनच जागा बघत फिरत असतात.)

आधी चांगलं सांगते. लाकूड खरं आहे, पाइनवूड, एमडीएफ नाही. एमडीएफचं एका मैत्रिणीने घेतलं होतं ते पहिल्याच पावसात फुगून सुटलं. आमचं दोन पावसाळे काढूनही जसंच्या तसं, एक स्क्रू सुद्धा ढिला नाही. छप्पर उतरतं आहे आणि पुढे चांगलं तीन बोटं आलेलं आहे म्हणजे सरळ पडणारं पाणी भोकावर येत नाही. आतून रंग नाही, वास नाही. छपराला बिजागरी आहे त्यामुळे सीझन संपल्यावर साफ करायला सोपं. एवढ्यासाठी तीन स्टार.

आता भोक. बॉक्सवर ठळक लिहिलंय चिमणीघर आणि भोक आहे दोन इंची. चिमणीला सव्वा इंच, म्हणजे 32 मिलिमीटर पुरतं. पंधरा दिवस चिमण्या छपरावर बसायच्या, आत डोकवायच्या आणि निघून जायच्या. साळुंक्या पण येऊन बघून गेल्या. आणि मार्चच्या शेवटी एक दिवस सकाळी दयाळाची जोडी आली. नर काळा-पांढरा, शेपटी उभी करून अँटेनावर बसून असा गायला की समोरच्या घरातली पोरं बाहेर आली. मादी करड्या रंगाची, घरटं सगळं तिनेच लावलं, शेवग्याच्या वाळक्या काड्या, बारीक मुळं, आमच्या पायपुसण्याचे काथ्याचे धागे पण ओढून नेले तिने. अंडी पण ती एकटीच उबवते, नर पहाऱ्याला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघायचे, भाजी करपली तरी चालेल असं झालं होतं मला.

आणि मग ती काठी. भोकाच्या खाली एक गोल काठी ठोकलेली असते ना, फोटोत गोड दिसते, तिचा घरट्यातल्या पक्ष्याला काहीही उपयोग नाही. दयाळ काय किंवा चिमणी काय, भोकाच्या कडेलाच नखं रोवून आत जातात, काठीवर टेकायची गरजच पडत नाही. उपयोग होतो तो कावळ्याला. पिल्लं चार-पाच दिवसांची असतील, दुपारी अडीचची वेळ, कावळा त्या काठीवर आरामात उभा राहिला, दोन इंची भोकातून मान आत घातली आणि एक पिल्लू ओढून काढलं. मी धावत जाईपर्यंत दुसरं पण गेलं. दयाळाचा नर त्याच्या डोक्यावर झेपावत होता, चोच मारत होता, पण कावळ्यापुढे त्याचं काय चालणार. त्या दिवशी मी जेवले नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आमच्या वळचणीला कुठे होती काठी? पाखराला काठी लागत नाही, शिकाऱ्याला लागते." शिडी लावून दोन मिनिटांत ती काठी करवतीने कापून टाकली आणि लगेच लांब झाले. उरलेली दोन पिल्लं वाचली आणि उडून गेली.

ती उडाल्यावर छप्पर उघडलं तर अजून दोन गोष्टी कळल्या. तळाला पाणी जायला एकही भोक नाही, मधे वळीव झोडपून गेला होता त्याचं पाणी तिरकं आत जाऊन घरट्याचा खालचा थर काळा पडला होता, बुरशी. आणि भोकापासून तळ जेमतेम चार इंच खाली, त्यात घरटं दोन इंच वर येणार, मग कावळ्याची चोच का नाही पोचणार?

सेलरला फोटोसकट मेल केला. उत्तर आलं, पण उत्तर असं की काठी नसली तर कस्टमरला बॉक्स अपूर्ण वाटतो. पैसे परत द्यायची तयारी दाखवली, ते मी घेतले नाहीत. मला पैसे नको होते, डिझाइन बदलायला हवं होतं आणि अजूनही लिस्टिंगवर काठी तशीच आहे.

मग आमच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी सव्वा इंची भोक पाडलेली फळी पुढच्या बाजूला वरच्या अंगाला बसवली, जुनं भोक तिच्या मागे झाकलं गेलं आणि तळापासून अंतर साडेपाच इंच झालं. तळाला चार कोपऱ्यांत चार बारीक भोकं, छपराखाली हवेसाठी दोन. आतली फळी एकदम गुळगुळीत होती, तिच्यावर त्यांनी पटाशीने आडव्या खाचा मारल्या, "वहिनी, पिल्लू वर चढणार कशावरून?" हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्याचे 150 रुपये घेतले. जागा पण बदलली, आधी पश्चिमेला होतं तिथे दुपारचं ऊन थेट यायचं आणि पाऊस पण तिकडूनच, आता पूर्वेच्या भिंतीला नऊ फुटांवर, जवळ फांदी नाही म्हणजे मांजराला उडी मारता येत नाही.

यावर्षी पाचव्या दिवशी चिमणा आला. गळ्याखाली काळा डाग असलेला नर आधी जागा पसंत करतो आणि तिथे बसून चिवचिव चिवचिव करून मादीला बोलावतो, तसा हा सकाळी साडेसहापासून सुरू. मग दोघांनी सुतळी, कापूस, शेजारच्यांच्या कोंबडीची पिसं असं काय काय भरलं. साधारण बारा दिवस उबवणं आणि पुढे पंधरा दिवस भरवणं, आणि भरवायला तांदूळ नाही बरं का, अळ्याच अळ्या! आमच्या कढीपत्त्यावरच्या हिरव्या अळ्या मी दरवर्षी फवारा मारून घालवायचे, यावर्षी हात लावला नाही. चिमणी चोचीत अळी आडवी धरून यायची, आधी तारेवर बसून इकडेतिकडे बघायची आणि मग सुरकन आत. कावळा दोनदा आला, छपरावर बसला, खाली वाकून बघितलं, पाय ठेवायला काही मिळालं नाही, गेला. चार पिल्लं बाहेर पडताना मी आणि लेकीने मोजली. जूनमध्ये त्याच घरात दुसरी खेप झाली.

एक विनंती, काही रिव्ह्यूंमध्ये छप्पर उघडून पिल्लांचे फोटो टाकलेत, तसं प्लीज करू नका, पिल्लं घाबरून वेळेआधी बाहेर उडी मारतात आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जंगली पक्ष्यांच्या अंड्यांना-घरट्याला छेडछाड करणं शिकारीत मोजलं जातं. बिजागरी साफसफाईसाठी आहे, तीही घरटं पूर्ण रिकामं झाल्यावरच.

घ्यायचं असेल तर ऑर्डर करण्याआधी सेलरला चारच गोष्टी विचारा: भोक किती मिलिमीटर, भोकापासून तळ किती इंच, तळाला पाण्याची भोकं आहेत का आणि काठीशिवाय पाठवाल का. माप सांगता आलं नाही तर तिथून घेऊ नका, सरळ जवळच्या सुताराकडे जा, पॅकिंगच्या खोक्याची जाड फळी चालते, आमच्या काकांनी दुसरं अख्खं घर 300 रुपयांत करून दिलं आणि त्याचं भोक मी दयाळासाठी मुद्दाम दोन इंची ठेवलंय, फक्त तळ चांगला सात इंच खाली.